मुखत्यार कोणाचा?

परगावच्या व्यवहारासाठी ज्याला स्वतः जाणे जमत नाही तो मुखत्यारपत्र लिहून देतो. मुखत्याराने धन्याच्या वतीने बोलावे, कागद आणावेत, लागेल तेथे सही करावी. परंतु समोरच्याने खोदून खोदून काही विचारले तर धन्याच्या हिताला बाध येईल असे काही सांगू नये, ही त्यातली मूळ अट. संगणकावर किंवा खिशातल्या फोनवर ज्याला आपण ब्राउझर म्हणतो तो असाच एक मुखत्यार आहे. ही उपमा सर्वस्वी आमची नव्हे. वेबचे नियम ज्यांनी लिहिले त्यांनीच ह्या साधनाला ‘यूझर एजंट’, म्हणजे वापरणाऱ्याचा प्रतिनिधी, असे नाव दिले, आणि ब्राउझर दुसऱ्या संगणकाकडे पान मागावयास जातो तेव्हा आजही ह्याच सदराखाली आपली ओळख सांगतो.

मग साहजिकच प्रश्न येतो की, हा मुखत्यार मीठ कोणाचे खातो? ब्राउझर आपणा सर्वांना फुकट मिळतो. फुकटच्या मुखत्याराचा पगार दुसरा कोणी तरी देत असला पाहिजे, एवढा तर्क करावयास संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही फायरफॉक्स ह्या ब्राउझरचा विचार करणार आहोत. तो मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची सारी घडण कोणालाही वाचता येते; तो हवा तसा बदलून घेता येतो; आणि वापरणाऱ्याचा खाजगीपणा राखणे हे त्याचे जाहीर व्रत आहे. हे तीन गुण एका दमात सांगण्याची प्रथा पडली आहे, जणू एक आला की बाकीचे दोन पाठोपाठ येतातच. आमच्या मते तसे नाही. पहिल्याचा तिसऱ्याशी संबंध समजतात तेवढा जवळचा नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे तर पुष्कळदा एकमेकांशी पटत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘मोझेक’ तयार झाला आणि वेब सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. मोझेकच्या कर्त्यांपैकी मार्क अँड्रीसन व आणखी काही मंडळी नेटस्केप कंपनीत आली. त्यांचा नॅव्हिगेटर १९९४ मध्ये बाजारात उतरला. घरच्या घरी त्याला त्यांनी ‘मोझिला’ म्हणावयास सुरुवात केली होती. मोझेकला गिळून टाकणारा राक्षस, असा त्यात विनोद होता. पुढे १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्सप्लोरर आणला, तो विंडोजबरोबर फुकट वाटला, आणि नेटस्केपचा धंदा बसला. बुडत्या कंपनीने जानेवारी १९९८ मध्ये एक अनपेक्षित घोषणा केली की, आमच्या ब्राउझरचा स्रोत आम्ही सर्वांना खुला करतो. आणि ३१ मार्च १९९८ रोजी तो खरोखरच खुला केला. २००३ मध्ये मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली. त्या जुन्या, जडशीळ झालेल्या स्रोतातून काही तरुणांनी २००२ पासून एक सुटसुटीत ब्राउझर वेगळा काढला होता. त्याचे नाव प्रथम फिनिक्स, मग फायरबर्ड, आणि ती दोन्ही नावे दुसऱ्यांची निघाल्यामुळे शेवटी फायरफॉक्स. ९ नोव्हेंबर २००४ रोजी त्याची १.० ही आवृत्ती निघाली. त्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याची दोन पानी जाहिरात झळकली, तीही वर्गणी काढून. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धारात देणगीदारांची नावे फरशीवर कोरतात, तशी त्या पानांवर हजारो वर्गणीदारांची नावे बारीक अक्षरांत छापली होती.

जाता जाता एक गमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. आज नेहमीच्या वापरातला कोणताही ब्राउझर घ्या, गूगलचा क्रोम घ्या वा अ‍ॅपलचा सफारी, दारात उभा राहिल्यावर तो स्वतःची ओळख ‘मोझिला’ ह्या शब्दाने सुरू करतो. कारण एके काळी कित्येक वेबसाइटी चांगली पाने फक्त नेटस्केपला देत. मग एक्सप्लोररने आपणही मोझिलाच असल्याची बतावणी केली, आणि पुढे आलेल्या प्रत्येकाने तीच वाट धरली. मुखत्याराच्या पहिल्याच वाक्यात थाप आहे, आणि ती सर्वांना माहीत आहे!

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एखाद्या वर्तमानपत्राचे पान आपण उघडतो तेव्हा आपल्याला वाटते की, आपण एकाच ठिकाणी गेलो. वस्तुतः त्या पानाचे तुकडे अनेक ठिकाणांहून येतात. बातमी वर्तमानपत्राकडून, जाहिरात जाहिरातवाल्याकडून, वाचक मोजणारा अदृश्य तुकडा तिसऱ्याच कोणाकडून. आपला मुखत्यार पानातल्या यादीप्रमाणे ह्या सर्वांच्या दारी जाऊन येतो, आणि आपण कोणते पान वाचत आहोत ह्याचा सुगावा त्या सर्वांना लागू शकतो.

ह्यात ‘कुकी’ची भर पडली. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला नंबराचा बिल्ला मिळतो. परत आल्यावर तो दाखवला की चपला मिळतात. बिल्ला देणाऱ्याला आपले नाव ठाऊक नसते आणि त्याची गरजही नसते. कुकी म्हणजे असा बिल्ला. वेबला मुळात स्मरणशक्ती नाही. प्रत्येक मागणी तिच्या दृष्टीने पहिलीच. दुकानाने गिऱ्हाइकाची टोपली लक्षात ठेवावी कशी, ह्या अडचणीतून नेटस्केपमधील लू माँटुली ह्यांनी १९९४ मध्ये ही युक्ती काढली, आणि युक्ती म्हणून ती उत्तमच होती. परंतु एकच जाहिरातवाला शंभर पानांत आपला तुकडा घालून बसला, तर त्याचा एकच बिल्ला शंभर ठिकाणी दाखवला जातो. सकाळी मधुमेहावरचा लेख, दुपारी कर्जाच्या व्याजाचे गणित, रात्री वधूवर सूचक मंडळ; तिन्ही ठिकाणी गेलेला माणूस एकच, हे त्याला कळते. नाव कळले नाही तरी त्याचे काम अडत नाही.

“आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?” असे येथे कोणी तरी विचारतोच. ह्या प्रश्नाचे उत्तर भारतापुरते तरी वरच्या ठिकाणाहून आलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मूलभूत हक्काला कारण द्यावे लागत नाही. घराला दार असते ते चोरी लपवण्यासाठी नव्हे.

फायरफॉक्सने ह्या बाबतीत काय केले? पाळत ठेवणाऱ्या ज्ञात ठिकाणांची यादी धरून त्यांच्या कुकी अडवणे त्याने सप्टेंबर २०१९ पासून सर्वांसाठी आपोआप चालू केले. जून २०२२ पासून त्याहून मूलगामी उपाय सर्वांना लागू होऊ लागला. प्रत्येक वेबसाइटसाठी वेगळी बरणी, आणि त्या पानावर मिळालेले सर्व बिल्ले त्याच बरणीत. जाहिरातवाला शंभर ठिकाणी असला तरी त्याला शंभर निरनिराळे बिल्ले दिसतात आणि त्यांची सांगड घालता येत नाही. सफारीने तर २०२० मध्येच परक्या कुकी सरसकट बंद केल्या. त्याच वर्षी गूगलनेही जाहीर केले की, क्रोममध्ये त्या दोन वर्षांत बंद होतील. मुदती वाढत गेल्या, आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. ज्या कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो तिनेच ब्राउझर बनवावा, आणि जगातील बहुसंख्य लोकांनी तोच वापरावा, ह्याला आपल्याकडे कुंपणाने शेत राखणे म्हणत नाहीत.

येथे मुक्तस्रोताविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्रोम ज्या पायावर उभा आहे तो क्रोमियमही मुक्तस्रोतच आहे, आणि मायक्रोसॉफ्टचा एज २०२० पासून त्याच पायावर चालतो. घडण उघडी असणे म्हणजे हेतू शुद्ध असणे नव्हे. स्वयंपाकघर काचेचे असले म्हणून भाजी आपोआप स्वच्छ होत नाही. एवढेच होते की अस्वच्छता लपत नाही, आणि पटले नाही तर त्याच कृतीने आपण दुसरी चूल मांडू शकतो. हा दुसरा भाग महत्त्वाचा. फायरफॉक्सच्या स्रोतावर अशा कितीतरी चुली मांडल्या गेल्या आहेत. लिब्रवुल्फ घ्या, मोझिलाकडे जाणारी वापराची आकडेवारी त्यातून काढून टाकलेली आहे. परंतु वेगळी चूल म्हणजे सोवळी चूल असेही नाही. वॉटरफॉक्स हा असाच एक स्वतंत्र ब्राउझर जाहिरातीच्या व्यवसायातील कंपनीकडे गेला होता. २०२३ मध्ये तो पुन्हा स्वतंत्र झाला. खुद्द मोझिलाने फेब्रुवारी २०२५ मध्ये फायरफॉक्ससाठी वापराच्या अटी प्रथमच जाहीर केल्या, आणि त्याच सुमारास ‘आम्ही तुमची माहिती कधीही विकत नाही’ ह्या अर्थाचे जुने आश्वासन आपल्या मजकुरातून काढले. जगभर ओरड झाली, तेव्हा काही दिवसांतच अटींची भाषा बदलण्यात आली. कायद्यात ‘विक्री’ शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे, असा खुलासा करण्यात आला. खुलासा खरा असेल. परंतु व्रतस्थ माणसाने व्रताचे शब्द बदलले की शेजारीपाजारी पाहावयास जमतात, ह्यात शेजाऱ्यांचा दोष नाही.

आता दुसरा गुण, हवा तसा बदलून घेण्याचा. फायरफॉक्सची कीर्ती मुळात ह्यामुळे पसरली. ‘अ‍ॅड-ऑन’ नावाचे छोटे पुरवणी कार्यक्रम जोडून त्याला नवी कामे शिकवता येत. ह्याचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. युनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वी भारतीय भाषांतली वर्तमानपत्रे आपापल्या खास फाँटमध्ये निघत. तो फाँट नसला की पडद्यावर अगम्य चिन्हांचा सडा पडे. ‘पद्म’ नावाचे एक अ‍ॅड-ऑन अशा पानांवरचा मजकूर ब्राउझरमध्येच युनिकोडमध्ये बदलून दाखवी. तेलुगूपासून देवनागरीपर्यंत अनेक लिप्यांसाठी ते उपयोगी होते. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या हिशेबात जी गरज बसली नसती, ती हौशी माणसांनी भागवली. फायरफॉक्सची मराठी आवृत्तीही प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या श्रमाने झाली आहे.

शिवाय पत्त्याच्या जागी ‘अबाउट कन्फिग’ असे इंग्रजीत दोन शब्द मध्ये अपूर्णविराम देऊन लिहिले की शेकडो गुप्त कळांचे एक दालन उघडते. पूर्वी त्याच्या दारावर ‘आत गेलात तर हमी रद्द होईल’ अशी धमकी असे. गंमत ही की, अशी हमी मुळात कोणी दिलेलीच नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीत मोझिलाने जुन्या पद्धतीची सर्व अ‍ॅड-ऑन बंद केली. जुनी पद्धत त्यांना ब्राउझरच्या आतड्यांपर्यंत हात घालू देई. त्याने वेग घटे आणि धोकाही असे. हौशी मंडळी फार दुखावली. तरीही आजचा फायरफॉक्स इतरांच्या मानाने अधिक वळणारा आहे. जाहिराती व पाळत अडवणारे रेमंड हिल ह्यांचे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे अ‍ॅड-ऑन क्रोमच्या नव्या नियमांत पूर्ण शक्तीने चालू शकत नाही. २०२४-२५ मध्ये क्रोमने ते टप्प्याटप्प्याने बंद पाडले. फायरफॉक्समध्ये ते चालते. केवळ एवढ्या एका कारणासाठी कोणी फायरफॉक्स घेतला तरी आम्ही त्याला शहाणा म्हणू.

परंतु ह्या वळणदारपणात एक मेख आहे. बिल्ला नाकारला तरी माणूस ओळखता येतो. पानात दडलेला छोटा कार्यक्रम ब्राउझरला वरवर निरुपद्रवी प्रश्न विचारतो. खिडकी किती रुंद? फाँट कोणकोणते? घड्याळ कोणत्या प्रदेशाचे? भाषा कोणती पसंत? एखादे अदृश्य चित्र काढून दाखव पाहू! आपला भाबडा मुखत्यार सर्व प्रश्नांची खरी उत्तरे देतो. एकेक उत्तर लाखोंना लागू असते, पण सर्व उत्तरे मिळून जो ठसा उमटतो तो एखाद्याचाच असू शकतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनमधील पीटर एकर्स्ली ह्यांनी २०१० मध्ये ह्याची मोजणी केली. सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. पुढे २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी एका रहदारीच्या व्यापारी वेबसाइटवरचे वीस लाखांहून अधिक ठसे तपासले, तेव्हा हे प्रमाण ३३.६ टक्केच भरले. दोन मोजण्यांच्या मधल्या आठ वर्षांत ब्राउझर पुष्कळ बदलले, हे एक कारण आहेच. पण आम्हांस दुसरेही कारण दिसते. एकर्स्लींच्या चाचणीला गेले ते ह्या विषयाची आवड असलेले, कळा फिरवणारे लोक; फ्रान्समधले गिऱ्हाईक सर्वसाधारण. जो अधिक सजवतो तो अधिक उठून दिसतो.

ह्या विसंगतीचा कळस म्हणजे ‘माझा माग काढू नका’ ही कळ. २०११ मध्ये फायरफॉक्सने ती प्रथम आणली. चालू केली की ब्राउझर प्रत्येक दारात नम्रपणे ही विनंती करी. विनंती पाळण्याचे बंधन कोणावर नव्हते, म्हणून जवळजवळ कोणी ती पाळली नाही. उलट विनंती करणारे थोडे असल्यामुळे ती विनंतीच ठशातली एक जास्तीची रेघ ठरली! अ‍ॅपलने २०१९ मध्ये हेच कारण देऊन ती कळ काढली. फायरफॉक्सने २०२५ मध्ये काढली.

मराठी वाचकाला ह्याची झळ एका वेगळ्याच ठिकाणी लागते. आपण ब्राउझर मराठीत घेतला की तो प्रत्येक वेबसाइटला ‘धन्याची पसंती मराठी’ असे सांगतो. मराठी मातृभाषा असणारे २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटी ३० लाख. परंतु ब्राउझर मराठीत चालवणारे त्यांतले फारच थोडे, हे आपण आपल्या परिचितांचे फोन पाहिले तरी कळते. पुण्यातला असा वाचक थोडासा उठून दिसतो. म्युनिकमध्ये नोकरीला असलेली, घड्याळ जर्मनीचे आणि भाषा मराठी ठेवणारी मुलगी तर भर बाजारात नऊवारी नेसून उभी राहिल्यासारखी दिसते. तिने काय करावे? भाषा इंग्रजी करावी, म्हणजे गर्दीत मिसळता येईल, असा तांत्रिक सल्ला आहे, आणि तो बरोबर आहे. तो देताना आम्हांस बरे वाटत नाही, हेही तितकेच खरे. स्वयंसेवकांनी रात्री जागून ज्या सूचीचे मराठी शब्द केले, ती सूची वापरणे हीच ओळख पटवणारी खूण व्हावी, ह्याचा दोष मराठीकडे जात नाही. तो आपल्या अल्पसंख्येकडे जातो. एक हजार ऐवजी एक कोटी लोकांनी ब्राउझर मराठीत ठेवला, तर ह्या खुणेत खूण म्हणून फारसे काही उरणार नाही.

पूर्ण लपावयाचे तर गर्दी तयारच करावी लागते. ‘टॉर ब्राउझर’ हेच करतो. तो फायरफॉक्सच्याच स्रोतावर बांधला आहे, परंतु त्याचे तत्त्व उलटे आहे. आषाढीच्या वारीत पांढरी टोपी आणि पांढरा सदरा घातलेल्या हजारोंत एकाला हुडकणे अवघड, त्याप्रमाणे टॉरच्या सर्व वापरणाऱ्यांनी सारखेच दिसावे. सर्वांची घड्याळे एकाच जागतिक वेळेला लावलेली. फाँट ठरावीक. खिडकी कितीही ताणली तरी पानाची जागा २०० बिंदूंच्या पटीत रुंद आणि १०० च्या पटीत उंच. उरलेल्या जागेत नुसती कोरी पट्टी. इंग्रजी सोडून दुसरी भाषा घेतली तर तो विचारतो की, वेबसाइटींकडे पाने इंग्रजीतच मागू का? वरून आपली मागणी तीन परक्या संगणकांतून फिरवून पाठवतो, म्हणजे पत्ताही कळत नाही. नवे अ‍ॅड-ऑन जोडू नका, असे त्याचे कर्ते बजावतात. थोडक्यात, फायरफॉक्समधील सारी हौस येथे वर्ज्य. ब्रेव्ह ह्या क्रोमियमवरच्या मुक्तस्रोत ब्राउझरने तिसरी वाट काढली आहे. तो प्रत्येक वेबसाइटला किंचित वेगळी, मुद्दाम गोंधळलेली उत्तरे देतो, म्हणजे ठसे जुळत नाहीत. युक्ती चतुर आहे. मात्र टॉरच्या गर्दीची सर तिला येते असे आम्हांस वाटत नाही.

राहिला पगाराचा प्रश्न. मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग गूगलकडून येतो. फायरफॉक्समध्ये शोधयंत्र म्हणून गूगल आधीपासून बसवून ठेवण्याचा तो मोबदला आहे. ज्याच्या पाळतीपासून राखावयाचे त्याच्याच पैशावर राखणदार पोसला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता ह्यांनी शोधाच्या क्षेत्रात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला, तेव्हा असे मोबदलेच बंद करावेत अशी सरकारपक्षाची मागणी होती. आणि विलक्षण गोष्ट अशी की, त्या मागणीने सर्वांत जास्त धास्तावली ती मोझिला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात मोबदल्यांवर सरसकट बंदी घातली गेली नाही, इतरांना वगळणारे करार तेवढे मना झाले. मोझिलाने सुटकेचा निःश्वास टाकला असेल. आपण टाकावा की नाही, ह्याविषयी आमचे मन अजून द्विधा आहे. कारण फायरफॉक्सच्या आतले ‘गेको’ नावाचे यंत्र बंद पडले तर टॉर, लिब्रवुल्फ आणि त्यांच्यासारखे सर्वच उघड्यावर येतील. नवे यंत्र शून्यातून बांधणे पाच-दहा हौशी माणसांचे काम नव्हे.

घरी करता येण्यासारखे ते सांगून थांबतो. रोजच्या कामासाठी फायरफॉक्स ठेवावा, त्यात यूब्लॉक ओरिजिन जोडावे, आणि सूची खुशाल मराठीत ठेवावी. जाहिरातवाल्यांची बरीचशी पाळत एवढ्याने तुटते. ‘प्रायव्हेट विंडो’वर भलता भरवसा ठेवू नये. ती फक्त आपल्या यंत्रावरच्या खुणा पुसते. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आणि समोरच्या वेबसाइटला त्याने फरक पडत नाही. ज्या कामासाठी खरोखरच कोणाला कळू नये असे वाटते, त्यासाठी टॉर ब्राउझर वेगळा ठेवावा आणि त्याला मुळीच सजवू नये. आणि त्यात आपल्या नेहमीच्या खात्याने प्रवेश करू नये. कारण दारात स्वतःचे नाव सांगितल्यावर तीन संगणकांचा वळसा घालून आलो काय आणि सरळ आलो काय, सारखेच.